चिंगममधला कीपर

आमच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी असते. चाकणजवळ कुरुळीत राहायला आल्यापासून रविवार म्हणजे काय ते मी जवळजवळ विसरलोय. गावाकडून ताई अजूनही रविवारी फोन करते, "घरीच असशील ना आज?" म्हणते, आणि मी लाइनवर मोबाइल कान आणि खांद्यामधे दाबून "नंतर करतो" म्हणत असतो. पण गुरुवार आपला. उशिरा उठायचं, युनिफॉर्म धुवायचा, गिरणीतून दळण आणायचं. दुपारी जेवण झालं की मात्र मला धास्ती वाटायला लागते. लॉकरला कुलूप लावलं का, काल निघताना पंच झालं का, सुपरवायझर जाताना हसला नाही तो कशामुळं. मोकळ्या वेळेत माझं डोकं असलंच काहीतरी शोधून काढतं. बायको म्हणते, तुम्हाला सुट्टी मानवत नाही. खरंच आहे ते.

नववीत माझी शाळा सुटली. वडिलांना दम्यानं गाठलं आणि गावातला एक माणूस म्हणाला, भोसरीला चला, काम मिळतंय. परभणीकडून आलो तो इकडचाच झालो. हेल्पर होतो, आता गाड्यांच्या वायरींच्या जुड्या बांधायच्या लाइनवर ऑपरेटर आहे. ज्यांनी ज्यांनी मला धरून ठेवलं त्यांची नावं मला पाठ आहेत. पहिल्या खोलीत जागा देणारा, बोट कापलं तेव्हा स्वतःच्या गाडीवरून दवाखान्यात नेणारा, सगळे. तरी इतकी वर्षं झाली, कुणी कागद पुढं केला की मी तो तीनदा वाचल्याशिवाय सही करत नाही.

तर असाच एक गुरुवार होता. बायकोला निगडीला तिच्या मावशीकडं सोडलं. बायका बोलायला बसल्या की तिथं आपलं काही काम नसतं, म्हणून तिथल्या प्राधिकरण वसाहतीतल्या सावलीच्या रस्त्यांनी फिरत राहिलो. एका रद्दीच्या दुकानासमोर सहज थांबलो. आत काउंटरवर एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ भिंग घेऊन वाकले होते. समोर प्लॅस्टिकची बरणी उपडी केलेली, आणि त्यातून पडलेली ती छोटी छोटी चित्रं.

मला आधी वास आला. म्हणजे तिथं वास रद्दीचाच होता, जुना, कोंदट. पण माझ्या नाकात आला तो गुलाबी चिंगमचा.

"अरे, हे तर चिंगमचे फोटू!" मी स्वतःशीच म्हणालो, पण मोठ्यानं.

त्या गृहस्थांनी मान वर केली नाही. "फोटू नाही, कार्ड. आणि हात लावू नका. तुमच्या हाताला तेल आहे."

मी हात पाहिले. सकाळी डोक्याला तेल चोपडलं होतं, ते बोटांना होतंच. त्यांनी न बघता कसं ओळखलं कुणास ठाऊक. मी हात मागं बांधून उभा राहिलो, शाळेत राहायचो तसा.

"काका, माझी गिऱ्हाइकं हाकलू नका राव," रद्दीवाला म्हणाला.

"हे गिऱ्हाईक नाही," ते म्हणाले. मग भिंग खाली ठेवून त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "फोटू म्हणणारा माणूस गिऱ्हाईक नसतो. तुम्ही जमवायचात का?"

मला कुणी असं 'तुम्ही' म्हटलं की मी मागं वळून बघतो. तेव्हाही बघितलं.

आमच्या गावात एकच दुकान होतं, मारुतीच्या पाराला लागून. दुकानदाराच्या गल्ल्याशेजारी काचेची बरणी, आणि तिच्यात ती चिंगमं. चिंगम कसलं, दगडच तो. दाढेखाली धरून बराच वेळ घोळवला की मग कुठं मऊ व्हायचा, आणि मऊ झाला की चव संपलेली. पण चिंगम खायचं कुणाला होतं? वरचा कागद सोडवला की आत एक पातळ कार्ड निघायचं, पत्त्याच्या पानापेक्षा लहान. पुढं क्रिकेटवाला, मागं आकडा. चार, सहा, नाहीतर 'बाद'. कार्डाला चिंगमची पांढरी भुकटी लागलेली असायची. ती आधी जिभेनं चाटायची, मग खेळाडू कोण आला ते बघायचं.

आम्ही त्यातल्या एकालाही खेळताना बघितलेलं नव्हतं. टीव्ही सरपंचांकडं होता, आणि त्यांच्या अंगणात बसायला मिळालं तरी पडद्यावर मुंग्याच जास्त. आमचे क्रिकेटवाले कार्डावरचेच. मिशीवाला, टोपीवाला, ज्याच्या पॅडचा पट्टा सुटलाय तो. माझ्या कानाला त्यांचे आवाजसुद्धा ठरलेले होते.

शाळा सुटली की खळ्यावर जमायचं. खळ्याची जमीन शेणानं सारवलेली, गुळगुळीत. तिथं दोघांनी एकेक फोटू पालथा टाकायचा आणि शेजारी तळहाताची थाप मारायची. हवेनं जो फोटू सुलटा होईल तो थाप मारणाऱ्याचा. याला आम्ही थापा म्हणायचो. माझी थाप फुसकी होती. मला आधीच वाटायचं, आता जाणार आपला फोटू, आणि हात खाली यायच्या आतच बळ निघून जायचं.

ताईचं तसं नव्हतं. माझ्याहून दोन यत्ता पुढं होती. भाकरी थापून तिचा हात असा तयार झालेला, की थाप पडली की धूळ गोल उठायची आणि मधोमध फोटू सुलटा होऊन पडायचा. पोरं म्हणायची, पोरींनी खेळायचं नाही. ती म्हणायची, "हरायचं भ्या वाटायलंय म्हून सांग की सरळ." मग कुणाला माघार घेता यायची नाही. माझा डबा भरला तो असा, तिच्या हातानं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, झाकणावर गुलाबाचं फूल.

त्यात एक फोटू होता कीपरचा. खाली बसलेला, ग्लोव्हज पुढं केलेले, डोळे बारीक. तो कुणालाच निघायचा नाही. अख्ख्या शाळेत कुणाकडं नव्हता. बाजाराच्या गावच्या एका पोराकडं होता, आणि ते पोरगं तो फक्त दाखवायचं, वहीत घालून. ताईनं त्याला आठवडी बाजारात गाठला. लोहाराच्या दुकानामागं. काय बोलून त्याला खेळायला लावलं ते तिनं मला आजपर्यंत सांगितलेलं नाही. एकच थाप मारली म्हणे. संध्याकाळी चुलीपुढं बसून तिनं तो माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "घे. आता रडू नको कुणापुढं."

मी भोसरीला निघालो तेव्हा डबा तिच्याकडंच दिला. खोलीत आम्ही आठ-दहा जण. पेटी ठेवायला जागा नव्हती, तिथं फोटू कुठं ठेवणार? पुढं ताईचं लग्न झालं, डबा तिच्यासोबत सासरी गेला. आणि मी हळूहळू ते सगळं विसरून गेलो. विसरलो म्हणजे, आठवायला निमित्त राहिलं नाही.

ते रद्दीच्या दुकानातले काका मला त्या दिवशी थेट घरी घेऊन गेले. प्राधिकरणातलं बैठं घर, पुढं सोनचाफा. ते पिंपरीतल्या एका कंपनीत तपासणी खात्यात होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. त्यांचा मुलगा लहान असताना चिंगम खायचा आणि कार्डं टाकून द्यायचा. काका ती उचलून ठेवायचे. मुलाचा नाद सुटला, बापाला लागला. काकू चहा ठेवताना म्हणाल्या, "आमच्या मुलाच्या दाढा किडल्या, यांचा अल्बम भरला."

अल्बममध्ये प्रत्येक पानाला पारदर्शक कप्पे होते आणि एकेका कप्प्यात एकेक कार्ड. काका पानं कडेला धरून उलटायचे, मधे बोट लावायचे नाहीत. मी बघत होतो आणि माझे सगळे क्रिकेटवाले एकामागून एक येत होते. मिशीवाला. टोपीवाला. पट्टा सुटलेला तो, अजून तसाच. काकूंनी चहा पुढं केला आणि मी तो एका दमात प्यालो, जीभ भाजली.

त्यांचा निगडीत जमवणाऱ्यांचा एक गट होता, कुणी नाणी, कुणी तिकिटं, कुणी काड्यापेट्यांची चित्रं. ते रविवारी भेटायचे. मी म्हणालो, मला रविवारी ड्युटी.

"मग गुरुवारी या," काका म्हणाले. "माझी सगळी नोकरी गुरुवारच्या सुट्टीत गेली. मला अजून रविवारी चुकल्यासारखं होतं."

असे आमचे गुरुवार सुरू झाले. जेवण झालं की बस धरायची आणि निगडी गाठायची. मी साबणानं हात धुऊन जायचो, तरी ते मला दारातच थांबवायचे. "हात?" मी दोन्ही तळवे दाखवायचो. घामाचा डाग कसा पडतो, तेलाचा कसा पसरतो, एकदा पडला की कसा निघत नाही, हे त्यांनी मला कितीदा सांगितलं असेल. माझ्या मनात ते पक्कं बसलं, की या कार्डांचा खरा वैरी म्हणजे माणसाचा हात.

मी किती शिकलोय हे त्यांनी कधी विचारलं नाही. शेवटी मीच सांगून टाकलं, कारण न सांगता बसवत नव्हतं.

"नववीपर्यंतचं आठवतंय ना?" ते म्हणाले. "मला बी.एस्सी.चं एक अक्षर आठवत नाही. पान उलटा."

आता तुम्हाला ही एवढीशी गोष्ट वाटेल. मी त्या दिवशी परत येताना बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसलो होतो.

आमच्या लहानपणच्या त्या कार्डांच्या पानावर एकच कप्पा रिकामा होता. मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं तिथं कोण पाहिजे ते, पण बोललो नव्हतो. माझ्याकडं होता म्हणणं सोपं, आणि डबा उघडल्यावर आत उंदरांच्या लेंड्या निघाल्या तर? मग एका गुरुवारी काकूंनी सांगितलं की घर बिल्डरला दिलंय, दिवाळी झाली की बंगळूरला, मुलाकडं. काकांनी अल्बम काढला आणि तेच पान उघडलं.

"एवढी वर्षं शोधला," ते म्हणाले. "रद्दी, पोस्टानं अदलाबदल, सगळं केलं. आता तिकडं कुठं कुणाला ओळखतोय मी. हा एक कप्पा असाच घेऊन जायचं जिवावर येतंय बघा."

"कीपर माझ्याकडं आहे, गावाकडं डब्यात, बाकीच्यांसोबत," मी म्हणालो.

बोललो आणि तळव्यांना घाम फुटला. या माणसाचं मी कधी काही फेडू शकेन असं मला वाटलं नव्हतं. आता फेडायची एक गोष्ट समोर होती, आणि तिला दिवाळीची मुदत होती.

ताईला फोन केला. तिच्या मागं मिक्सर चालू होता.

"काय रं? बुड्ढा व्हायलास आन् चिंगमचे फोटू मागायलास?"

"सगळे नको. तो कीपर पाहिजे."

मिक्सर बंद झाला. "कीपर माझाय. मी जिंकलेला."

"तू मला दिला होतास की."

"ठिवायला दिल्ता. कुणाला द्यायचाय?"

मी काकांचं सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तुला बाबा कुणी तांब्याभर पाणी दिलं तरी देव वाटतो." आणि लगेच, "गुरुवारच्या आत पाहिजे का?"

गावाकडून कुरुळीला काही पाठवायचं असलं की ट्रॅव्हल्सनं पाठवतात. ड्रायव्हरच्या हातात पिशवी द्यायची, त्याला फोन नंबर सांगायचा. सकाळी चाकणच्या चौकात जाऊन उभं राहायचं, आमच्यासारखे बरेच जण उभे असतात. कुणाचं लोणचं, कुणाचं ज्वारीचं पीठ. ताईनं डबा पिठाच्या पिशवीत मधोमध खुपसून दिला होता, फुटू नये म्हणून. पत्र्याचा डबा फुटणार कसा, पण तिनं दिला होता. घरी येऊन बायकोनं परातीत पीठ उपसलं आणि खालून गुलाबाचं फूल निघालं.

उंदीर नव्हते. ताईनं आत कडुनिंबाचा पाला घातला होता, वाळून चुरा झालेला. आणि फोटू सगळे होते. मला वाटलं होतं खूप असतील. एवढेसे होते. आठवणीत डबा केवढा मोठा होता.

कीपर सगळ्यात खाली होता. कोपरे दबलेले, कडा पिंजलेल्या, पाठीवर थापेच्या वेळी लागलेल्या शेणाचा हिरवट डाग. पण डोळे तसेच बारीक. मी त्याला चिमट्यानं उचलला, बायकोच्या भुवयांच्या चिमट्यानं.

आता पुढं मी जे केलं ते सांगण्याआधी आमच्या लाइनवरची एक पद्धत सांगितली पाहिजे. प्रत्येकाच्या डोक्यावर एक कागद लटकलेला असतो, कुठली वायर कुठं, कुठला रंग आधी. तो कागद उघडा ठेवला तर आठवडाभरात ग्रीसनं काळा होतो. म्हणून आमच्याकडं जो कागद महत्त्वाचा, तो लॅमिनेशन होतो. सूचना, नकाशे, सेफ्टीची चित्रं, सगळं. घरीसुद्धा तेच. आधार, पोरीचा जन्मदाखला, वडिलांचा फोटो. आमच्या खोलीत जे जपायचं ते चकाकतं.

आणि काकांनी तर मला शिकवलंच होतं, वैरी म्हणजे हात.

गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सवाला आहे. मी कीपर वहीत घालून नेला.

"आधार आहे का पॅन?" त्यानं विचारलं.

"नाही, जुना फोटो आहे. जपून कर भावा. भेट द्यायचाय."

'भेट' म्हटल्यावर त्यानं मनावर घेतलं. पिंजलेल्या कडा कटरनं सरळ केल्या. पाठीवरचा डाग ओल्या फडक्यानं जरा फिकट केला. जाड प्लॅस्टिक घातलं, मशीनमधून दोनदा काढलं, आणि वरून चारी कोपरे गोल करून दिले. गरम गरम कार्ड हातात आलं. काचेसारखं. आता कुणीही हात लावावा, कितीही तेल असू दे. मला इतका आनंद झाला होता, की मी त्याला थँक्यू दोनदा म्हणालो.

गुरुवारी काकांनी दारातच विचारलं, "हात?"

"आज हाताचं कामच नाही काका," मी म्हणालो, आणि खिशातून कीपर काढून त्यांच्या पुढं धरला.

त्यांनी घेतला. खिडकीपाशी गेले. उलटा केला, सुलटा केला. अंगठ्यानं कड चाचपली, सगळीकडून. मी वाट बघत होतो.

"कडा कुठं गेल्या?"

"सरळ केल्या. पिंजल्या होत्या."

"पिंजल्या होत्या," त्यांनी माझेच शब्द परत म्हटले. "आणि हे आता निघणार नाही. तापवून चिकटवलंय. काढायला गेलं तर चित्रच सोलून येईल."

काकू आतून बाहेर आल्या. "आला का कीपर?" आणि आमच्या दोघांकडं बघून तिथंच थांबल्या.

त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. सुपरवायझर ओरडतो, त्याची सवय आहे. काका खुर्चीत बसले आणि भिंग रुमालानं पुसत राहिले. मग मला समजावून सांगितलं, शाळेत सांगतात तसं. कार्ड जसं निघालं तसं राहायला हवं. कागदाला श्वास लागतो. कड म्हणजे त्याचं वय. जमवणारे याला कार्ड मानत नाहीत.

"अहो, त्यानं प्रेमानं आणलंय," काकू म्हणाल्या.

"ते मला दिसतंय," काका म्हणाले. "आज मला जरा काम आहे. पडून राहतो."

कीपर तिथंच ठेवून मी निघालो. निगडीच्या स्टँडवर माझी बस आली आणि गेली, मग दुसरी आली. मी बसूनच होतो.

तो आठवडा कसा गेला विचारू नका. डोक्यावर सूचनांचा चकचकीत कागद, मान वर केली की तोच. दोनदा चुकीची वायर उचलली. शेजारचा म्हणाला, "काय राव, लक्ष कुठंय? घरी भांडण का?" मी म्हणालो, तसंच समज. घरी बायको म्हणाली, फोटूच तर होता. तिला काय सांगणार? ताईनं एका थापेत जिंकलेला, कडुनिंबाच्या पाल्यात सांभाळलेला, आणि मी एका दुपारी त्याची माती केली. काकांना दिवाळीआधी द्यायची एकच गोष्ट होती माझ्याजवळ, ती अशी दिली. फोन हातात घ्यायचो आणि ठेवायचो. काय म्हणायचं? सॉरी काका? ते 'असू दे' म्हणतील, आणि त्यानंतर कधीच बोलावणार नाहीत. माणसं अशीच सुटतात, आवाज न करता. मला अनुभव आहे.

पुढच्या गुरुवारी मी गेलो नाही. युनिफॉर्म धुतला, वाळत घातला, परत तोच पिळला.

दुपारी खालून घरमालकीण आजींचा आवाज आला. "व्हय व्हय, हितंच ऱ्हात्यात. वर जा, पर जपून, जिन्याला कठडा न्हाई."

मी दारात आलो तर काका. भिंतीला हात धरून एकेक पायरी चढत होते. खांद्याला कापडी पिशवी, चेहरा लाल झालेला. निगडीहून बस बदलत आले होते, पत्ता विचारत विचारत. मी 'या' म्हणायचंही विसरलो.

"बाकीचे कुठायत?" ते म्हणाले.

"बाकीचे कोण?"

"डब्यातले! ते पण दिलेत का त्या लॅमिनेशनवाल्याकडं?"

"नाही काका. तो एकटाच."

ते दारातच खाली टेकले. बायकोनं पाणी आणलं. सगळा तांब्या संपवला आणि म्हणाले, "आठवडाभर झोप नाही मला. तुम्ही रागाच्या भरात, नाहीतर मला खूश करायला, सगळेच चकचकीत करून आणाल म्हणून."

"फोन करायचा ना काका."

"फोनवर तुम्ही 'हो काका, हो काका' म्हणाला असतात. मला काय कळलं असतं?"

बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. तिचं हसू मला ऐकू येत होतं.

मी डबा काढला. काकांनी पिशवीतून बटर पेपर काढला, कापून आणलेला, आणि सतरंजीवर बसून माझा एकेक फोटू त्यात गुंडाळायला शिकवायला लागले. गंमत म्हणजे हात धुवायला त्या दिवशी दोघंही विसरलो. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून कीपर काढला आणि आमच्या मधे ठेवला. मला तिकडं बघवेना.

"याच्यावर मी बराच विचार केला," ते म्हणाले. "तुमच्याकडं डेव्हिएशन म्हणतात ना अजून?"

म्हणतात. कंपनीत काम करणाऱ्याला ते सांगावं लागत नाही. माल आला, मापात बसत नाही, नकाशाप्रमाणं नाही. नियमानं तो लाल ट्रेमध्ये जायला पाहिजे. पण गाडीला त्यानं काही होणार नसेल, तर वरचा कुणीतरी लिहून देतो, की हे चुकलेलं आहे हे मला माहीत आहे, तरी मी घेतोय, जबाबदारी माझी. मग त्याला पिवळं लेबल लागतं आणि माल पुढं जातो.

"मी त्या खात्यात जन्म काढला, पण डेव्हिएशनवर फार थोडा माल सोडला," काका म्हणाले. "लोक मला शिव्या घालायचे. एकदा एका हेल्परनं रात्रपाळीत बसून आख्खा लॉट हातानं घासला होता, मापात यावा म्हणून. जास्तच घासला. मी रिजेक्ट केला. बरोबरच केला. पण तो माझ्याकडं कसा बघत होता ते अजून..." त्यांनी कीपर उचलला, डोळ्यांजवळ नेला. "हा मी घेतोय. जमवणारे मानणार नाहीत. त्यांना मी काय ते सांगेन."

"पण तो कप्प्यात बसणार नाही काका. प्लॅस्टिकनं मोठा झालाय."

"कप्पा कापेन."

मला बोलायचं होतं, पुष्कळ बोलायचं होतं. ताईचं, खळ्याचं, बाजारातल्या पोराचं. ते सगळं मी सांगितलंसुद्धा. त्या दुपारी पहिल्यांदाच सांगितलं, कारण काका विचारत गेले. हा डाग कसला? शेणाचा? तुमच्या बहिणीनं जिंकला? एका फटक्यात? मग ते मधूनच म्हणाले, "त्यांना फोन लावा." मी लावला. ताई काकांशी अदबीनं बोलली, अगदी शाळेतल्या बाईंसारखं. फोन माझ्याकडं आल्यावर म्हणाली, "चांगला माणूस दिसायलाय. जेवून जा म्हण." बायकोनं तोवर भाकरी टाकल्याच होत्या, त्याच ट्रॅव्हल्सनं आलेल्या पिठाच्या.

दिवाळी झाली आणि ते गेले. निरोप द्यायला मला जाता आलं नाही, ड्युटी होती. सामान मंगळवारी हललं.

परवा जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. काकांनी फोटो पाठवला होता. अल्बमचं तेच पान, सगळे कप्पे भरलेले. त्यांना फोनवर फोटो काढता येत नाही, फ्लॅश चालू राहिलेला. बाकीचे सगळे नीट दिसत होते. कीपरच्या जागी प्लॅस्टिकवर पडलेला नुसता पांढरा उजेड.

शेजारचा डबा खाता खाता वाकून बघायला लागला. "काय आहे राव हे? मधला दिसतच नाही."

"तो कीपर आहे," मी म्हणालो, आणि फोटो बोटांनी मोठा करून त्याला दाखवला. मोठा केल्यावर उजेडच मोठा झाला. त्याला काहीच दिसलं नाही. पण मी त्याला सगळं सांगितलं, भोंगा होईपर्यंत.